नर्सिंग-फार्मसीची कॉलेजं वाढतायत, मग आंदर मावळातल्या गावांना सिस्टर आणि फार्मासिस्ट मिळणार का?

पुणे-लोणावळा लोकलने कान्हे स्थानकावर उतरलं की टाकवे बुद्रुकचा रस्ता लागतो. मावळ तालुक्याच्या आंदर मावळ पट्ट्यातलं हे मोठं, बाजारपेठेचं गाव. आतल्या डोंगराळ भागातल्या वाड्या-वस्त्यांवरचे लोक बाजारहाट, शाळा, बँक आणि दवाखान्यासाठी टाकव्यातच येतात. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र हे या लोकांसाठी सरकारी उपचारांचं पहिलं दार आहे.

याच तालुक्यात, याच महामार्गाच्या आसपास उच्च शिक्षणाचं मोठं जाळं उभं राहिलं आहे. तळेगाव दाभाडेला १९९५ पासून मिमेर वैद्यकीय महाविद्यालय आहे. आंबीला डी. वाय. पाटील विद्यापीठ आहे. वडगावजवळच्या साते गावात पिंपरी चिंचवड विद्यापीठ आहे आणि तिथे फार्मसीही शिकवली जाते.

त्यामुळे सरळ हिशोब असा वाटतो की कॉलेजं आली म्हणजे नर्स आणि फार्मासिस्ट तयार होणार आणि गावातली कमतरता भरून निघणार. पण हा हिशोब अर्धाच आहे. कॉलेजातून पदवीधर बाहेर पडतो. तो गावात येतो की नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. त्या कोणत्या, ते समजून घेऊया.

कमतरता नेमकी किती आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि तरीही ५८ लाख नर्सची कमतरता होती. ही कमतरता जगभर सारखी नाही. जगातल्या ७८ टक्के नर्स ज्या देशांत आहेत, तिथे जगाची फक्त ४९ टक्के लोकसंख्या राहते.

भारताचं काय? केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ३३ लाखांहून जास्त नोंदणीकृत नर्सिंग कर्मचारी होते. म्हणजे दर हजार लोकांमागे १.९६ नर्स. तुलनेसाठी वापरला जाणारा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे दर हजारी ३.

हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही ‘नोंदणीकृत’ नर्सची संख्या आहे. नोंदणी केल्यानंतर परदेशात गेलेल्या, निवृत्त झालेल्या किंवा काम सोडलेल्या नर्सही अशा यादीत राहू शकतात. म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेने प्रत्येक नर्सला स्वतंत्र ओळख क्रमांक देणारी ऑनलाइन नोंदणी सुरू केली.

सरासरी आणि गाव यांत फरक का पडतो?

आता दर हजारी १.९६ हा आकडा एका प्राथमिक आरोग्य केंद्राला लावून बघूया.

सरकारी निकषानुसार सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. त्याखाली उपकेंद्रं असतात. सपाट भागात ५ हजार लोकांमागे एक, डोंगराळ भागात ३ हजार लोकांमागे एक.

देशाच्या सरासरीने ३० हजार लोकांच्या वाट्याला साधारण ५९ नर्स यायला हव्यात. पण सरकारी मानकांनुसार अशा केंद्रात आणि त्याच्या सहा उपकेंद्रांत मिळून पदं किती असतात? उपकेंद्रावर एक किंवा दोन आरोग्य सेविका, एक समुदाय आरोग्य अधिकारी, मुख्य केंद्रात तीन-चार स्टाफ नर्स, आरोग्य सेविका आणि पर्यवेक्षिका. सढळ हाताने मोजलं तरी आकडा पंचवीसच्या पुढे जात नाही. शिवाय महाराष्ट्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून अनेक ठिकाणी बीएएमएस डॉक्टर काम करतात. म्हणजे ते पद नर्सकडेच असेल असंही नाही.

मग उरलेल्या नर्स कुठे आहेत? शहरातल्या आणि तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयांत. त्यांची तिथे गरज आहेच, गावातले पेशंटही शेवटी तिथेच जातात. पण मुद्दा असा की गावातली कमतरता फक्त ‘नर्स मिळत नाहीत’ म्हणून नसते. अनेकदा तिथे पदच मंजूर नसतं.

त्यात लोकसंख्येचा हिशोबही जुना आहे. २०११ नंतर जनगणना झालेली नाही, पुढची २०२७ मध्ये होणार आहे. तेव्हा मावळ तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. त्यानंतर तळेगाव, वडगाव, कान्हे, टाकवे या पट्ट्यात कारखाने, गोदामं आणि गृहप्रकल्प वाढले आणि कामासाठी बाहेरून लोक आले. हे लोक आजारी पडल्यावर सरकारी दवाखान्यात येतात, पण मंजूर पदांच्या हिशोबात ते दिसत नाहीत.

नर्सिंगचे कोर्स कोणते आणि कोण कुठे काम करतं?

आपण सरसकट ‘सिस्टर’ म्हणतो, पण त्यामागे तीन वेगळे कोर्स आहेत.

एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स. गावोगावी फिरून लसीकरण, गरोदर महिलांची तपासणी, बाळंतिणीची विचारपूस करणारी आरोग्य सेविका बहुतेकदा एएनएम असते.

जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा. रुग्णालयाच्या वॉर्डात काम करणाऱ्या अनेक स्टाफ नर्स जीएनएम असतात.

बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. महाराष्ट्रात या पदवीची बहुतेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं. बी.एस्सी. झालेल्या नर्सला अतिदक्षता विभाग, शिकवण्याचं काम, पुढे एम.एस्सी. आणि समुदाय आरोग्य अधिकारी असे रस्ते खुले असतात.

इथे एक विरोधाभास आहे. विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या नर्स वाढल्या तरी गावात घरोघरी जाणारं काम मुख्यतः एएनएमकडे आहे. म्हणजे विद्यापीठाच्या पदवीचा गावाला थेट उपयोग व्हायचा तर उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पदवीधर नर्ससाठी जागा आणि जबाबदारी हवी. समुदाय आरोग्य अधिकारी हे पद त्यासाठीच महत्त्वाचं आहे. रक्तदाब, मधुमेह यांची तपासणी आणि औषधोपचाराचा पाठपुरावा गावातच व्हावा, ही त्यामागची कल्पना. ही उपकेंद्रं आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने ओळखली जातात.

नर्सिंग कॉलेजं शहरातच का निघतात?

याचं उत्तर नियमांत आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजसाठी साधारणपणे स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार पुरेसे पेशंटही लागतात, कारण वर्गात बसून इंजेक्शन द्यायला किंवा बाळंतपण करायला शिकता येत नाही.

नियम योग्यच आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात जेमतेम सहा खाटा असतात. १०० खाटांची रुग्णालयं तळेगाव, पिंपरी-चिंचवड, पुणे अशा ठिकाणीच असणार. त्यामुळे कॉलेजं तिथे, विद्यार्थी तिथे, चार वर्षांची सवय तिथली आणि पहिली नोकरीही तिथलीच.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये देशात १५७ नवीन नर्सिंग कॉलेजं मंजूर केली. त्यासाठी १,५७० कोटी रुपयांची तरतूद केली आणि दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर वाढतील असं सांगितलं. ही कॉलेजं २०१४ नंतर सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच उभी करायची होती. रुग्णालय, वसतिगृह, शिक्षक तयार मिळतात, म्हणून हा पर्याय स्वस्त आणि लवकर होणारा. मात्र तोही जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतच पोहोचतो.

फार्मसीत प्रश्न उलटा का आहे?

फार्मसी कॉलेजला स्वतःच्या रुग्णालयाची अट नाही. जागा, इमारत, प्रयोगशाळा आणि शिक्षक असले की कॉलेज सुरू करता येतं. त्यामुळे फार्मसी कॉलेजं तालुक्या-तालुक्यात निघाली.

संख्या फार वाढते आहे म्हणून भारतीय फार्मसी परिषदेने २०२०-२१ पासून पाच वर्षं नवीन कॉलेजांना बंदी घातली होती. पण अशी बंदी नुसत्या प्रशासकीय ठरावाने घालता येत नाही, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ती रद्द ठरवण्याचे उच्च न्यायालयांचे निकाल कायम ठेवले. त्यानंतर नवीन कॉलेजांचा रस्ता पुन्हा मोकळा झाला.

म्हणजे नर्सिंगमध्ये शिकण्याच्या जागा गावापासून लांब आहेत. फार्मसीत शिकण्याच्या जागा जवळ आहेत, पण शिकल्यावर सरकारी यंत्रणेत जागा अगदी थोड्या आहेत. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्टचं पद साधारणपणे एकच असतं. जिल्हा परिषदेच्या भाषेत त्याला ‘औषध निर्माण अधिकारी’ म्हणतात. तो रजेवर गेला किंवा पद रिकामं राहिलं, तर औषधांची खिडकी नर्स किंवा दुसरा कर्मचारी सांभाळतो आणि त्याचं मूळ काम मागे पडतं.

दर्जाचा प्रश्नही आहे. डिप्लोमा झाल्यावर नोंदणीआधी एक्झिट परीक्षा द्यावी लागेल, असा नियम २०२२ मध्ये आला, तो याच काळजीतून.

गावाला फार्मासिस्ट कशाला हवा? औषध तर कुणीही देईल

हा गैरसमज महाग पडतो. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. याला कारणं आहेत.

एक, डोस. वयस्कर माणूस रक्तदाब, शुगर आणि गुडघेदुखी अशा तीन वेगवेगळ्या गोळ्या घेत असेल, तर त्या एकमेकींना बाधतात का हे बघायला प्रशिक्षित माणूस लागतो.

दोन, अँटिबायोटिक. अर्धवट कोर्स किंवा चिठ्ठीशिवाय घेतलेली औषधं पुढे निकामी ठरतात. म्हणूनच मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक आणि क्षयरोगाची औषधं ‘एच-१’ या वेगळ्या यादीत आहेत आणि मेडिकलवाल्याला त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. २०१८ पासून क्षयरोगाचं औषध घेणाऱ्या पेशंटची माहिती सरकारला कळवणंही मेडिकल दुकानांवर बंधनकारक आहे.

तीन, साठा. कोणतं औषध किती शिल्लक आहे, कशाची मुदत संपत आली आहे, पावसाळ्याआधी काय मागवायचं, हे सगळं फार्मासिस्टचं काम. आंदर मावळासारख्या जोरदार पावसाच्या भागात सर्पदंशाची लस ऐन वेळी केंद्रात आहे की नाही, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

मनुष्यबळ आणि औषधं दोन्ही कमी पडली तर काय होऊ शकतं, ही चर्चा राज्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले आणि त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. रिक्त पदं आणि औषध खरेदी हे दोन्ही मुद्दे तेव्हा चर्चेत आले.

पदवी मिळाली, पुढे काय?

खरी गळती इथे होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांनी १९,४६० पदांची जाहिरात काढली. त्यात आरोग्य सेविका आणि औषध निर्माण अधिकारी ही पदंही होती. उमेदवारांनी अर्ज भरले, पण काही पदांच्या परीक्षा २०२४ पर्यंत लांबल्या. घर चालवायचं असेल तर नुकताच पदवीधर झालेला मुलगा किंवा मुलगी एवढं थांबत नाही. मिळेल ती खासगी नोकरी धरते.

दुसरा रस्ता म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी नोकरी. गावपातळीवरच्या अनेक नर्स, फार्मासिस्ट आणि समुदाय आरोग्य अधिकारी याच पद्धतीने काम करतात. दहा वर्षं सेवा झालेल्यांना नियमित पदांपैकी ३० टक्के जागांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले. उद्याची खात्री नसलेल्या नोकरीसाठी कुणी दुर्गम गावात बिऱ्हाड का करेल, हा प्रश्न त्यातून पुन्हा समोर आला.

तिसरा रस्ता परदेशाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल तरुणांना तिकडे काम मिळावं असं ठरलं आणि त्यात नर्सिंगचाही समावेश होता. तरुणांसाठी ही चांगली संधी आहे आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण जर्मनी पगार, भाषेचं प्रशिक्षण आणि स्थिर नोकरी देऊ करत असेल, तर टाकव्यातल्या पदासाठीही काहीतरी देऊ करावं लागेल.

मग कॉलेजांचा गावाला उपयोग होतो तो कधी?

याबाबत जगभरातला अनुभव बराच स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शिक्षणाबद्दलच्या त्यातल्या मुख्य गोष्टी चार: ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, शिक्षणसंस्था ग्रामीण भागाजवळ काढा, शिकतानाच विद्यार्थ्यांना ग्रामीण दवाखान्यात काम करू द्या आणि अभ्यासक्रमात गावातले आजार आणा. थायलंडने हेच सूत्र वापरलं. ग्रामीण मुलं निवडायची, जवळच शिकवायची आणि आपल्याच भागात नेमायची.

महाराष्ट्राकडेही जुना धडा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यातल्या अनेकींचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. त्या टिकल्या, कारण त्यांचं घर तिथेच होतं. या कामासाठी आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे सूत्र आंदर मावळाला लावलं तर चारपैकी एक गोष्ट आधीच झालेली आहे. शिक्षणसंस्था जवळ आहेत. उरलेल्या तीन बाकी आहेत.

पहिली, प्रवेश. बी.एस्सी. नर्सिंग आणि फार्मसीसाठी बारावी विज्ञान लागतं. म्हणजे वाट दहावीनंतरच फुटते. आतल्या गावातल्या किंवा कातकरी, ठाकर वस्तीतल्या मुलीला विज्ञान शाखेसाठी रोज वडगाव-तळेगावला जायचं तर एसटी, लोकल आणि क्लासची फी, सगळं जमावं लागतं. तिथे ती थांबली, तर पुढचं कॉलेज कितीही जवळ असो, तिच्या उपयोगाचं नाही.

दुसरी, प्रत्यक्ष काम. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी रुग्णालयाचा वॉर्ड शिकायलाच हवा. त्याचबरोबर टाकव्यासारखं प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याची उपकेंद्रं आणि कान्ह्याचं सरकारी रुग्णालय इथे काही आठवडे राहून काम केलं, तर गावातली नोकरी अनोळखी राहत नाही. फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी इथल्या औषधसाठ्याची नोंद आणि पेशंटचं समुपदेशन केलं तर केंद्रालाही लगेच मदत होते.

तिसरी, पद. वेळेवर भरती, राहायला खोली, रात्री सुरक्षित प्रवास आणि कंत्राटाऐवजी खात्रीची नोकरी. हे विद्यापीठाच्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे.

मुलींच्या फीचं काय?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो.

पण यातली एक ओळ अनेकांच्या नजरेतून सुटते. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. म्हणजे घराजवळच्या खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला तर माफी नाही आणि लांबच्या संलग्न कॉलेजात घेतला तर माफी आहे, असं होऊ शकतं. जिथे अंतर कमी आहे तिथे फी आडवी येते.

प्रवेश घेण्याआधी हे तपासा

• नर्सिंग कॉलेजला राज्य आणि केंद्राच्या परिचर्या परिषदेची त्या वर्षाची मान्यता आहे का, हे परिषदेच्या वेबसाइटवर बघा.

• फार्मसी कॉलेजचं नाव भारतीय फार्मसी परिषदेच्या मान्य यादीत त्या वर्षासाठी आहे का, ते बघा. मान्यता नसेल तर नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय काम करता येत नाही.

• नर्सिंग कॉलेजला स्वतःचं रुग्णालय कुठे आहे आणि तिथे खरोखर पेशंट असतात का, हे जाऊन बघा.

• संस्था संलग्न कॉलेज आहे की खासगी विद्यापीठ, हे विचारा. शिष्यवृत्ती आणि फी माफी त्यावर ठरते.

थोडक्यात

कॉलेज वाढवणं ही कमतरता दूर करण्याची पहिली पायरी आहे, पण गावाच्या दृष्टीने ती पुरेशी नाही. नर्सिंगमध्ये गावातल्या मुलींना शिकायची जागा जवळ हवी, फार्मसीत शिकलेल्यांना नोकरीची जागा हवी आणि दोन्हींमध्ये मंजूर पद वेळेवर भरलं जायला हवं. पुढच्या वेळी ‘इतक्या जागा वाढल्या’ अशी घोषणा ऐकली की तीन प्रश्न विचारायचे. त्या जागांवर ग्रामीण भागातली मुलं किती? त्यांचं प्रशिक्षण किती दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात होणार? आणि पदवीनंतर तालुक्यात भरायची पदं किती? या तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाली, तरच त्या घोषणेचा टाकव्याच्या पेशंटशी संबंध आहे असं म्हणता येईल.